भिंतीपलीकडचे कान : मार्कोनीचे आयुष्य आणि आपल्या दवाखान्यातले वायफाय

कुकडीकाठच्या बोरी बुद्रुकसारख्या गावातही आता दवाखाना, मेडिकल, पतसंस्था, दूध संकलन केंद्र, कृषी सेवा केंद्र अशा प्रत्येक ठिकाणी भिंतीवर एक लहानशी डबी लुकलुकताना दिसते. रुग्णाची नोंद, प्रयोगशाळेचा अहवाल, दुधाचे फॅट, खातेदाराची शिल्लक, सगळे त्या डबीतून हवेत जाते आणि हवेतून येते. ही डबी कुठे लावावी, शेजारच्या डबीशी तिचे भांडण कसे टाळावे आणि आपले बोलणे तिसरा कोणी ऐकत नाही ना, हे तीन प्रश्न मात्र फारसे कोणी विचारत नाही. हे प्रश्न नवे नाहीत. सव्वाशे वर्षांपूर्वी गुलिएल्मो मार्कोनी या इटालियन तरुणाला ते पहिल्यांदा पडले. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्याने उत्तम शोधली. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला मिळाले आहे, असा त्याचा समज होता, आणि तो समज लंडनच्या भर सभेत खोटा ठरला. त्याचे आयुष्य आज वाचायचे ते त्यासाठी.

मार्कोनीचा पुणे जिल्ह्याशीही संबंध आहे. १९२७ साली भारत आणि इंग्लंड यांच्यात थेट बिनतारी तारसेवा सुरू झाली, ती त्याच्या कंपनीच्या पद्धतीने. तिचे प्रक्षेपण केंद्र खडकीला आणि ग्रहण केंद्र दौंडला होते. त्याबद्दल पुढे येईलच.

पदवी नसलेला संशोधक

मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या शहरात झाला. वडील ज्युसेप्पे सधन जमीनदार, आई अ‍ॅनी जेमसन आयर्लंडच्या प्रसिद्ध मद्यउत्पादक घराण्यातील. मुलाने विद्यापीठाची पदवी कधीच घेतली नाही. बोलोन्यात ऑगुस्तो रिगी नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. आईच्या खटपटीमुळे त्यांच्या प्रयोगशाळेत आणि ग्रंथालयात त्याला येण्याजाण्याची मुभा मिळाली. १८९४च्या सुरुवातीला विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगाने सिद्ध करणारे हाइनरिक हर्ट्झ अवघ्या ३६व्या वर्षी आजाराने गेले. त्यांच्यावरचा रिगींचा लेख वाचून विशीतल्या मार्कोनीच्या डोक्यात एकच विचार घोळू लागला. या लहरींनी तारेशिवाय संदेश का पाठवू नये?

पोंतेक्कियो येथील घराच्या माळ्यावर त्याने प्रयोग मांडले. त्यासाठी लागणारा सगळ्यात नाजूक भाग एका डॉक्टरच्या शोधातून आला होता. फ्रान्सचे एदुआर ब्रान्ली हे भौतिकशास्त्रज्ञ होते आणि वैद्यकीय पदवीधरही. काचेच्या नळीत धातूचा कीस भरला आणि जवळपास विद्युत ठिणगी पडली, की त्या किसातून वीज सहज वाहू लागते, असे त्यांना १८९०मध्ये आढळले होते. नळीला टिचकी मारली की कीस सुटा होऊन पुन्हा पहिल्यासारखा होई. लहर आली हे ओळखण्याचे ते साधन मार्कोनीने सुधारून वापरले.

त्याची स्वतःची मोठी भर वेगळी होती. यंत्राचे एक टोक उंच टांगलेल्या तारेला आणि दुसरे जमिनीला जोडले की पल्ला एकदम वाढतो, हे त्याने १८९५मध्ये प्रयोगाने शोधले. घरामागच्या टेकडीपलीकडे थोरला भाऊ अल्फोन्सो ग्राहक यंत्र घेऊन थांबला होता. संदेश पोचल्याची खूण म्हणून त्याने बंदुकीचा बार काढला. दीड-दोन किलोमीटर अंतर आणि मध्ये टेकडी असूनही लहर पोचली होती. मार्कोनी तेव्हा २१ वर्षांचा होता. त्याचा पहिला धडा हाच होता. यंत्राची ताकद वाढवण्याआधी त्याची जागा आणि उंची बघा.

राजपुत्राचा गुडघा

१८९६मध्ये आईसोबत तो लंडनला गेला. जूनमध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. ब्रिटिश टपाल खात्याचे मुख्य अभियंता विल्यम प्रीस यांनी त्याला हात दिला. १८९७च्या मे महिन्यात ब्रिस्टलच्या खाडीवरून सुमारे सहा किलोमीटर संदेश गेला, जुलैमध्ये त्याची कंपनी स्थापन झाली आणि १८९९मध्ये इंग्लंड-फ्रान्समधील खाडी ओलांडली गेली.

यात १८९८ सालची एक घटना वैद्यकीय दृष्टीने महत्त्वाची आहे. युवराज एडवर्ड यांच्या गुडघ्याला मार लागला होता आणि ते ‘ऑसबर्न’ या शाही नौकेवर विश्रांती घेत होते. राणी व्हिक्टोरिया किनाऱ्यावरील राजवाड्यात होत्या. मार्कोनीने नौकेवर आणि किनाऱ्यावर यंत्रे बसवली. १६ दिवसांत सुमारे दीडशे संदेश गेले आणि त्यांत युवराजांच्या तब्येतीचे वृत्तही होते. रुग्णाची माहिती बिनतारी मार्गाने जाण्याची ही अगदी सुरुवातीची घटना. ती माहिती खासगी राहिली, कारण ती ऐकू शकेल असे यंत्र जवळपास दुसऱ्या कोणाकडे नव्हते. म्हणजे गुप्तता यंत्रात नव्हती, ती फक्त ऐकणाऱ्यांच्या अभावात होती. हा फरक मार्कोनीच्या तेव्हा लक्षात आला नाही, आणि आजही अनेकांच्या येत नाही.

गर्दी आणि वादळ

यंत्रे वाढली तशी दुसरी अडचण आली. दोन केंद्रे एकाच वेळी बोलू लागली की दोघांचेही काही कळेना. यावर मार्कोनीने प्रक्षेपक आणि ग्राहक एकाच कंपनसंख्येवर जुळवण्याची पद्धत आणली. एप्रिल १९००मधील तिचे पेटंट त्याच्या ७७७७ या क्रमांकामुळे प्रसिद्ध आहे. आज आपण रेडिओवर स्टेशन लावतो किंवा वायफायचे चॅनेल बदलतो, त्यामागचे तत्त्व हेच. या कल्पनेचे श्रेय मात्र त्याच्या एकट्याचे नाही. ऑलिव्हर लॉज, निकोला टेस्ला आणि जॉन स्टोन यांनी या दिशेने आधीच काम केले होते आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४३मध्ये याच कारणावरून मार्कोनीच्या त्या देशातील पेटंटचे महत्त्वाचे दावे रद्द ठरवले.

यानंतर त्याने अटलांटिक महासागर ओलांडण्याचा घाट घातला. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात पोल्धू येथे सुमारे ६० मीटर उंचीच्या २० खांबांचे वर्तुळ उभे राहिले. सप्टेंबर १९०१च्या वादळात ते सगळे कोसळले. काही आठवड्यांनी अमेरिकेतील केप कॉडचे तसेच वर्तुळही पडले. खांब एकमेकांना बांधलेले होते, त्यामुळे एक झुकला की बाकीचे ओढले जात. मार्कोनीने पोल्धूला साधी, कमी खांबांची रचना केली आणि पलीकडच्या न्यूफाउंडलंड बेटावर खांबांऐवजी पतंगाला तार बांधून ती आकाशात चढवली. १२ डिसेंबर १९०१ रोजी सुमारे साडेतीन हजार किलोमीटरवरून आलेले तीन टिंबांचे मोर्स अक्षर ऐकू आल्याचे त्याने जाहीर केले.

या प्रयोगात वापरलेल्या पारायुक्त ग्राहकाचे मूळ जगदीशचंद्र बोस यांच्या १८९९च्या शोधनिबंधात आहे, असे काही अभ्यासक दाखवून देतात. बोस यांनी कलकत्त्यात मार्कोनीच्याही आधी मिलिमीटर लांबीच्या लहरींवर प्रयोग केले होते, पण त्यांना पेटंट आणि कंपनी यांत रस नव्हता.

शास्त्रीय पुरावा म्हणून डिसेंबरचा तो दावा कच्चा होता. संदेश फक्त मार्कोनी आणि त्याचा सहायक केम्प यांच्या कानांनी ऐकलेला, यंत्राने उमटवलेली नोंद नाही. शंका घेणाऱ्यांना त्याने योग्य उत्तर दिले. फेब्रुवारी १९०२मध्ये ‘फिलाडेल्फिया’ जहाजावर कागदी पट्टीवर संदेश आपोआप उमटवून, त्यावर कप्तानाची सही घेऊन त्याने मोजणी केली. दिवसा सुमारे ११०० किलोमीटरपर्यंत आणि रात्री सुमारे २५०० किलोमीटरपर्यंत पूर्ण संदेश मिळाले. एकच यंत्र, एकच जहाज, पण वेळ बदलली की पल्ला दुपटीहून अधिक बदलतो, हे त्या मोजणीने कळले. वातावरणातील विद्युतभारित थराचा शोध पुढे या मार्गावरच लागला.

उंदरांची सभा

आता तिसरा प्रश्न. जुळणीचे पेटंट हाती आल्यावर मार्कोनी आणि त्याची कंपनी जाहीरपणे सांगू लागली की आपले संदेश खासगी राहतात, ज्याचे यंत्र त्याच कंपनसंख्येवर जुळलेले नाही त्याला ते ऐकू येणार नाहीत. समुद्राखालून जाणाऱ्या केबलच्या कंपन्यांना हा दावा झोंबला. त्यांच्यापैकी ईस्टर्न टेलिग्राफ या कंपनीने नेव्हिल मॅस्केलिन या माणसाला कामाला लावले. मॅस्केलिन पेशाने जादूगार होता, बिनतारी यंत्रांचा त्याला दांडगा नाद होता, आणि मार्कोनीच्या व्यापक पेटंटमुळे स्वतःचा व्यवसाय अडल्याचा रागही होता. त्याने कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर खांब उभारून मार्कोनीचे जहाजांशी चाललेले बोलणे सहज टिपले आणि १९०२मध्ये ते एका तांत्रिक नियतकालिकात प्रसिद्ध केले. मार्कोनीच्या बाजूने त्यावर समाधानकारक उत्तर आले नाही.

४ जून १९०३ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मार्कोनीचे सल्लागार आणि नामवंत शास्त्रज्ञ जॉन अँब्रोझ फ्लेमिंग यांचे व्याख्यान होते. शेवटी सुमारे ४०० किलोमीटरवरील पोल्धूहून मार्कोनी स्वतः संदेश पाठवणार होता. त्याची वेळ येण्याआधीच सभागृहातले यंत्र खडखडू लागले. मोर्समध्ये उंदरांसाठीचा इंग्रजी शब्द पुन्हा पुन्हा उमटला आणि मागोमाग मार्कोनीची टर उडवणारे यमक. मॅस्केलिनने जवळच्याच एका इमारतीत साधा प्रक्षेपक बसवून ही करामत केली होती. फ्लेमिंग बोलण्यात गुंतले होते आणि त्यांना कमी ऐकू येत असे, त्यामुळे प्रकार सहायकाच्याच ध्यानात आला. श्रोत्यांपैकी बहुतेकांना काही कळले नाही आणि पोल्धूचा संदेशही वेळेवर आला. प्रकरण तिथेच मिटले असते. पण संतापलेल्या फ्लेमिंग यांनी ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून या वात्रटपणामागचा माणूस शोधायला वाचकांची मदत मागितली. मॅस्केलिनने त्याच वृत्तपत्रात उघडपणे कबुली दिली आणि कंपनीचा दावा तपासण्यासाठीच हे केल्याचे कळवले.

मॅस्केलिनचा हेतू शुद्ध होता असे नाही, त्याला केबल कंपनीचे पाठबळ होते. पण त्याचा मुद्दा बरोबर होता. जुळणीने गोंगाट कमी होतो, गुप्तता येत नाही. कंपनसंख्या शोधणे म्हणजे रेडिओची कळ फिरवून स्टेशन सापडवणे. गुप्तता हवी असेल तर संदेशच सांकेतिक भाषेत बांधावा लागतो आणि त्या संकेताची किल्ली जपावी लागते. वायफायमध्ये आज हेच काम पासवर्ड आणि सांकेतिकीकरण करतात.

‘टायटॅनिक’ची रात्र

१९०९मध्ये मार्कोनीला जर्मनीच्या कार्ल फर्डिनांड ब्राउन यांच्यासमवेत भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. एव्हाना मोठ्या जहाजांवर त्याच्या कंपनीचे कर्मचारी असत. ते जहाजाचे नोकर नसून कंपनीचे होते आणि प्रवाशांच्या खासगी तारा पाठवणे हे त्यांच्या कमाईचे काम होते. १४ एप्रिल १९१२च्या रात्री ‘टायटॅनिक’वरचा जॅक फिलिप्स अशाच तारांचा ढीग उपसत होता. जवळच असलेल्या ‘कॅलिफोर्नियन’ जहाजाच्या कर्मचाऱ्याने बर्फाची सूचना द्यायला सुरुवात केली, तेव्हा आपल्या कामात व्यत्यय नको म्हणून फिलिप्सने त्याला गप्प केले. त्या कर्मचाऱ्याने थोड्या वेळाने यंत्र बंद केले आणि तो झोपला. हिमनगाची धडक त्यानंतर लगेचच झाली. मदतीची हाक ‘कार्पेथिया’ने ऐकली, ती पहाटे पोचली आणि सुमारे ७०० माणसे वाचली. दीड हजारांहून अधिक बुडाली. फिलिप्स अखेरपर्यंत हाक देत राहिला आणि तोही गेला.

मार्कोनीचे कौतुक झाले, कारण वाचलेले सगळे बिनतारीमुळे वाचले होते. पण यंत्र असूनही ते ऐकायला माणूस नव्हता आणि तातडीची सूचना खासगी तारांच्या मागे अडकली होती, हेही जगाला दिसले. पुढच्या आंतरराष्ट्रीय नियमांत प्रवासी जहाजांवर चोवीस तास कान ठेवणे आणि संकटाच्या संदेशाला अग्रक्रम देणे सक्तीचे झाले. रुग्णालयात प्रतीक्षागृहातील मंडळी मोबाइलवर चित्रफिती बघत असताना अतिदक्षता विभागातून निघालेला ईसीजी अडकून पडत असेल, तर ती याच चुकीची आवृत्ती असते.

खडकी आणि दौंड

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इटलीत मोटार अपघातात मार्कोनीचा उजवा डोळा गेला. काम मात्र थांबले नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो पुन्हा आखूड लहरींकडे वळला. त्याआधी लांब पल्ल्यासाठी लांब लहरी आणि प्रचंड वीज लागते, असेच तो आणि त्याच्यामागे सगळे जग धरून चालले होते. ती आपली चूक होती, हे त्याने पुढे जाहीरपणे मान्य केले. त्याचा अभियंता चार्ल्स फ्रँकलिन याने आखूड लहरी झोतासारख्या एकाच दिशेला पाठवणारे एरियल बनवले. १९२३मध्ये मार्कोनीने आपल्या ‘एलेत्रा’ या नौकेवरून त्याची चाचणी घेतली आणि १९२४मध्ये ब्रिटिश सरकारने साम्राज्यभर अशी केंद्रे उभारण्याचा करार केला.

भारताची केंद्रे पुणे जिल्ह्यात आली. बोलणारे केंद्र खडकीला, ऐकणारे दौंडला, मध्ये सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर अंतर. मुद्दाम इतके दूर, कारण शेजारी मोठ्याने बोलणारा प्रक्षेपक असेल तर समुद्रापारची क्षीण कुजबुज ऐकणाऱ्याला काय ऐकू येणार? दोन्ही ठिकाणी उंच मनोऱ्यांवरची एरियल इंग्लंडच्या दिशेला रोखलेली होती. मुंबईच्या कार्यालयाशी ती जमिनीवरच्या तारांनी जोडलेली होती. जिथे तार टाकता येते तिथे तार आणि जिथे येत नाही तिथेच बिनतारी, असा हा आराखडा होता. सेवा इतकी स्वस्त आणि जलद ठरली की केबल कंपन्यांचे धाबे दणाणले. १९२८च्या साम्राज्य परिषदेनंतर केबल आणि बिनतारी यांचा व्यवसाय एकत्र केला गेला. झोत असला तरी तो वाटेत टिपता येतो आणि युद्धकाळात समुद्राखालची केबल अधिक भरवशाची, हेही त्यामागचे एक कारण होते.

हा वारसा पुढे जुन्नरपर्यंत पोचला. भारतातील ही सेवा १९४७मध्ये सरकारकडे आली आणि तिचे नाव ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस झाले. याच संस्थेने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला नारायणगावजवळ आर्वी येथे उपग्रहाशी बोलणारे विक्रम भूकेंद्र चालू केले. तिथून जवळच खोडदला पुढे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभी राहिली. ती फक्त ऐकते. शहरी गोंगाटापासून दूर, डोंगरांच्या आडोशाची जागा तिच्यासाठी निवडली गेली, आणि २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या अँटेनांचे संकेत ऑप्टिकल फायबरने मध्यवर्ती इमारतीत आणले जातात. बोलणाऱ्या यंत्रापासून ऐकणारे यंत्र दूर ठेवण्याचा आणि शक्य तिथे तार वापरण्याचा दौंडचा नियम खोडदलाही लागू आहे.

दुखणारे हृदय आणि समुद्रावरचे डॉक्टर

१९२७च्या सुमारास मार्कोनीला हृदयविकाराने गाठले. छातीत कळा येत, विश्रांतीचा सल्ला मिळे आणि तो पुन्हा कामाला लागे. या काळातील त्याची राजकीय बाजू झाकण्यासारखी नाही. तो १९२३मध्ये फॅसिस्ट पक्षात गेला, १९३०मध्ये मुसोलिनीच्या राजवटीत इटलीच्या रॉयल अकादमीचा अध्यक्ष झाला आणि त्या राजवटीचा अखेरपर्यंत समर्थक राहिला. १९३१मध्ये त्याने व्हॅटिकनचे रेडिओ केंद्र उभारले. आजच्या वायफायच्या लहरी साधारण पाच ते साडेबारा सेंटिमीटरच्या आहेत. १९३२-३३मध्ये मार्कोनी अर्ध्या मीटरच्या लहरींवर दूरध्वनी जोडत होता, म्हणजे तो त्यांच्या उंबरठ्यापर्यंत आला होता.

१९३५मध्ये रोममध्ये ग्विदो ग्विदा या डॉक्टरने एक केंद्र सुरू केले. समुद्रावर डॉक्टर नसलेल्या जहाजांना बिनतारीवरून मोफत वैद्यकीय सल्ला देणे हे त्याचे काम. त्याचा पहिला अध्यक्ष मार्कोनी होता. आजच्या टेलिमेडिसिनचा हा एक आरंभ म्हणता येईल. हे केंद्र आजही चालू आहे. स्वतः मार्कोनीला मात्र त्याच्या काळातील वैद्यक फार काही देऊ शकत नव्हते. गुठळी विरघळवणारी औषधे नव्हती, अँजिओप्लास्टी नव्हती. २० जुलै १९३७ रोजी रोममध्ये हृदयविकाराच्या झटक्याने त्याचे निधन झाले. वय ६३. दुसऱ्या दिवशी ब्रिटनमधील रेडिओ केंद्रे दोन मिनिटे बंद ठेवण्यात आली.

आपल्या डबीपुरते

मार्कोनी गेला, पण उंदरांची सभा अजून भरते. जुलै २००८मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांआधी धमकीचा ईमेल आला. पोलीस तो माग काढत नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका घरापर्यंत पोचले. तिथल्या असुरक्षित वायफायचा कोणीतरी परस्पर वापर केला होता. ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या एका महाविद्यालयाचे आणि सप्टेंबरमध्ये चेंबूरच्या एका खासगी कंपनीचे वायफाय असेच वापरले गेले. त्यानंतर मुंबई पोलिसांनी उघडी वायफाय शोधण्याची मोहीमच काढली. नोव्हेंबर २०२२मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि कित्येक दिवस केसपेपर हाताने लिहावे लागले. तिथे जाळ्याचे वेगवेगळे भाग एकमेकांपासून नीट वेगळे केलेले नव्हते, असे सरकारने संसदेत सांगितले.

लहान दवाखान्याला किंवा पतसंस्थेला यातून घेण्यासारखे बरेच आहे आणि त्याला फार खर्च येत नाही.

आधी जागा. राउटर लावण्यापूर्वी इमारतीचा साधा नकाशा काढून मोबाइलवर प्रत्येक खोलीतला सिग्नल बघावा, तोही भर गर्दीच्या वेळी, कारण माणसाच्या शरीरातील पाणीही लहरी शोषते. लोखंडी कपाट, तिजोरी, मोठा आरसा, पाण्याची टाकी, स्लॅब आणि क्ष-किरण खोलीचे शिशाचे अस्तर लहरी अडवतात. डबी मध्यभागी, उंचावर, पण येणाऱ्याजाणाऱ्याचा हात पोचणार नाही अशी असावी. तिला इन्व्हर्टरची जोड हवी. बिलिंगचा संगणक, प्रयोगशाळेचे यंत्र अशा जागा न बदलणाऱ्या गोष्टींना सरळ केबल द्यावी.

मग गर्दी. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. शेजारच्या दुकानाचे १ असेल तर आपण ६ किंवा ११ घ्यावे. जवळच्या अंतरासाठी ५ गिगाहर्ट्झ बरे.

शेवटी गुप्तता. राउटरसोबत आलेला मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. सांकेतिकीकरण डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ असावे, जुने डब्ल्यूईपी २००१ सालीच फुटले आहे. बटण दाबून जोडणी करण्याची डब्ल्यूपीएस सोय बंद ठेवावी. रुग्णांच्या नातेवाइकांसाठी पाहुण्यांचे वेगळे जाळे करावे आणि त्याच्या वेगाला मर्यादा घालावी. कामकाजाच्या जाळ्याचा पासवर्ड काउंटरवर चिकटवू नये आणि कर्मचारी सोडून गेला की तो बदलावा. राउटरची सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवावीत. नोंदींची एक प्रत रोज जाळ्याबाहेर काढून ठेवावी.

या लहरींनी आजार होतो का, असे रुग्ण विचारतात. घरगुती राउटरची ताकद वॅटच्या दहाव्या भागाच्या आसपास असते आणि त्या लहरी क्ष-किरणांसारख्या अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवत नाहीत. २०११मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने रेडिओ लहरींना कर्करोगकारक असण्याची शक्यता असलेल्या गटात ठेवले, ते मुख्यतः मोबाइलच्या अतिवापरावरील मर्यादित पुराव्यामुळे. वायफायने अपाय होत असल्याचे सिद्ध झालेले नाही. वायफायमुळे रुग्णाचे नुकसान होण्याचा खरा संभव वेगळा आहे. एचआयव्हीचा अहवाल, गर्भपाताची नोंद, मानसोपचाराचे औषध गावात फुटले, तर त्या माणसाचे आयुष्य उद्ध्वस्त होऊ शकते.

म्हणून हे सगळे करून झाल्यावर मोबाइल हातात घेऊन दवाखान्याबाहेर, रस्त्यापलीकडे, चौकापर्यंत चालत जावे आणि आपले जाळे कुठवर दिसते ते बघावे. तिथे उभे राहून एखाद्या जाणत्या मुलाने आपल्या जाळ्यात शिरता येते असे दाखवून दिले, तर फ्लेमिंग यांच्यासारखे त्याच्यावर चिडू नये. वाट कुठून सापडली ते त्याला विचारून घ्यावे आणि त्याच दिवशी ती बंद करावी.